थोडक्यात हरलेले बावीस सामने : स्कॉट फ्रॉस्ट यांना ठेवावे की काढावे?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी नेब्रास्का विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी जाहीर केले की, फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट पुढच्या हंगामातही पदावर राहतील. मात्र त्यांचा वार्षिक पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला जाईल, पदावरून दूर केल्यास द्यावी लागणारी भरपाई कमी होईल आणि पुढील वाटचाल काही ठरावीक कसोट्यांवर तपासली जाईल. या कसोट्या कोणत्या, हे सांगण्याचे त्यांनी टाळले. त्याच दिवशी आक्रमणाची बाजू सांभाळणाऱ्या चार साहाय्यक प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले. त्या क्षणी फ्रॉस्ट यांच्या नावावर चार हंगामांत मिळून १५ विजय आणि २७ पराभव होते. दहा महिन्यांनी, ११ सप्टेंबर २०२२ रोजी, याच संचालकांनी फ्रॉस्ट यांना पदमुक्त केले.

या दहा महिन्यांत आणि त्याआधीच्या दोन वर्षांत नेब्रास्काच्या चाहत्यांमध्ये जो वाद चालला, त्याचा हा अभ्यास आहे. वाद 'प्रशिक्षक चांगला की वाईट' एवढ्यापुरता असता, तर तो २०२० मध्येच संपला असता. तो लांबला, कारण दोन्ही बाजू एकाच आकडेवारीवर बोट ठेवून परस्परविरोधी निष्कर्ष काढत होत्या, आणि या राज्याने आधी केलेल्या दोन घाईच्या निर्णयांची आठवण प्रत्येकाच्या डोक्यात ताजी होती.

राज्याचा एकच संघ

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडे विद्यापीठांचे आंतरमहाविद्यालयीन सामने रिकाम्या बाकांपुढे होतात, त्यामुळे या खेळामागचे वेड मराठी वाचकाला चटकन उमगणे अवघड आहे. नेब्रास्का हे सुमारे वीस लाख वस्तीचे, शेतीप्रधान राज्य आहे. तेथे एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा, संघ नाही. त्यामुळे राजधानी लिंकनमधील विद्यापीठाचा 'कॉर्नहस्कर्स' हा संघच साऱ्या राज्याचा संघ ठरतो. १९२३ मध्ये बांधलेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी ८५ हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातील कोणत्याही शहराची लोकसंख्या एवढी नाही. ३ नोव्हेंबर १९६२ पासून येथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे संपत आली आहेत. २०२१ मध्ये मात्र ही परंपरा टिकवण्यासाठी उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटण्याची योजना आखावी लागली. चाहत्यांचा उत्साह किती आटला होता, याचा तो सर्वांत स्पष्ट पुरावा होता.

या वेडाला इतिहासाचा आधार आहे. बॉब डेव्हनी यांनी १९७० व १९७१ मध्ये, तर त्यांचे शिष्य टॉम ऑस्बॉर्न यांनी १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ऑस्बॉर्न २५ वर्षे मुख्य प्रशिक्षक होते आणि एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली गेले नाहीत. अर्थात त्यांच्याही वाट्याला सुरुवातीला कुरकुर आली होती. प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाविरुद्धचे पहिले पाचही सामने ते हरले आणि १९७८ मध्ये सहाव्या वेळी जिंकले. त्या हंगामानंतर त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठाकडे जाण्याचा विचारही केला होता. फ्रॉस्ट यांना वेळ द्यावा असे म्हणणारे ज्येष्ठ चाहते हा दाखला हटकून देत. दाखला खरा होता, पण ओक्लाहोमाकडून हरणारे ऑस्बॉर्न बाकी जवळजवळ सगळ्यांना हरवत होते, एवढा तपशील त्यातून गळत असे.

जुन्या दोन जखमा

ऑस्बॉर्न यांच्यानंतर आलेले फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभवांच्या हंगामानंतर काढण्यात आले. सहा हंगामांत ५८ विजय आणि १९ पराभव, अशी त्यांची एकूण नोंद होती. नेब्रास्काला याहून मोठे यश हवे, अशी तत्कालीन क्रीडा संचालकांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी बिल कॅलहन यांच्या हाताखाली संघाचे पाच विजय आणि सहा पराभव झाले. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला १९६१ नंतरचा तो पहिला हंगाम होता, आणि सलग ३५ वर्षे हंगामाअखेरच्या मानाच्या 'बाउल' सामन्यात खेळण्याची मालिकाही तेथेच खंडित झाली. त्यानंतरच्या बो पेलिनी यांनी सात हंगामांत दरवर्षी किमान नऊ विजय मिळवले, पण दरवर्षी चार पराभवही पत्करले. मोठे सामने जिंकता येत नाहीत आणि वागणूक तापट आहे, या कारणांनी २०१४ च्या अखेरीस त्यांनाही जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या माइक रायली यांचे तीन वर्षांत १९ विजय आणि १९ पराभव झाले.

म्हणजे दोनदा चांगल्यातून अधिक चांगले मिळवण्याच्या नादात विद्यापीठाने हातचे घालवले होते. 'पुन्हा तीच घाई नको' हे वाक्य २०१९ पासून २०२१ पर्यंत फ्रॉस्ट-समर्थकांच्या प्रत्येक युक्तिवादाच्या तळाशी होते. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत घातक चूक तीच होती. नऊ सामने जिंकणाऱ्या माणसाला काढणे ही घाई होती, यावरून तीन सामने जिंकणाऱ्या माणसाला काढणेही घाईच ठरते असा निष्कर्ष निघत नाही. पण लोक पोळलेले होते, आणि ताकही फुंकून पीत होते.

त्यात फ्रॉस्ट घरचेच होते. लिंकनमध्ये जन्मलेले आणि राज्यातील वुड रिव्हर या लहान गावात वाढलेले फ्रॉस्ट १९९७ च्या अपराजित विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे मुख्य खेळाडू, होते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात चमत्कार म्हणावा असे काम केले होते. २०१५ मध्ये बाराच्या बारा सामने हरलेला तो संघ त्यांच्या दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, तेरा सामने खेळून तेरा जिंकला. १ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी बलाढ्य ऑबर्नला ३४-२७ असे हरवले तेव्हा नेब्रास्काशी त्यांचा सात वर्षांचा, ३.५ कोटी डॉलरचा करार आधीच झालेला होता. ते रुजू झाले तेव्हा विरोधात बोलणारा चाहता शोधूनही सापडला नसता.

आकडे आणि त्यांचे दोन अर्थ

२०१८ च्या हंगामात पहिले सहाही सामने गेले, आणि अखेरीस चार विजय व आठ पराभव झाले. पहिले वर्ष म्हणून सर्वांनी ते मान्य केले. २०१९ मध्ये पाच विजय, सात पराभव. तरीही हंगाम संपण्याआधीच विद्यापीठाने करार २०२६ पर्यंत वाढवला. नव्या खेळाडूंना स्थैर्याचा संदेश मिळावा, हा त्यामागचा नेहमीचा हेतू होता. प्रत्यक्षात त्यामुळे पुढच्या प्रत्येक निर्णयाची किंमत वाढून बसली. महासाथीच्या २०२० मधील अपुऱ्या हंगामात तीन विजय, पाच पराभव झाले. २०२१ मधील ओक्लाहोमाविरुद्धचा सामना, म्हणजे १९७१ च्या गाजलेल्या लढतीच्या पन्नाशीनिमित्तची भेट, रद्द करण्याची चाचपणी विद्यापीठाने केल्याची बातमी त्या वर्षीच्या वसंतात आली तेव्हा समर्थकही खवळले. हरणे परवडले, पण अंग काढून घेणे नाही, अशी ती भावना होती. सामना अखेर झाला आणि नेब्रास्का २३-१६ असा हरला.

२०२१ च्या हंगामाने वादाला त्याचे खरे रूप दिले. तीन विजय आणि नऊ पराभव अशी त्या वर्षीची अंतिम नोंद आहे, पण ते नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने झाले. त्यातील आठ तर आठ किंवा त्याहून कमी गुणांनी, म्हणजे एका टचडाउनने (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याने) आणि त्यानंतर मिळणाऱ्या जादा गुणांनी बरोबरी साधता आली असती, असे. मिशिगनकडून तीन, मिशिगन स्टेटकडून जादा वेळेत तीन, पर्ड्यूकडून पाच, विस्कॉन्सिन आणि आयोवाकडून प्रत्येकी सात. आणखी चमत्कारिक बाब अशी की, वर्षभरात नेब्रास्काने केलेले गुण प्रतिस्पर्ध्यांनी केलेल्या गुणांपेक्षा ६३ ने जास्त होते.

समर्थक म्हणत, हा संघ उंबरठ्यावर आहे. नशीब फिरले की हेच सामने विजयात बदलतील, आणि आता प्रशिक्षक बदलला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. विरोधक म्हणत, रोज उंबरठ्यावर अडखळणाऱ्याला उंबरठा दिसत नाही असेच समजावे. समर्थकांचा मुद्दा वरवर दिसतो तितका पोकळ नाही. निसटत्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि एका वर्षी असे सामने हरणारे संघ पुढच्या वर्षी साधारणतः सावरतात, हे या खेळाचे अभ्यासक मान्य करतात.

पण आकडे थोडे उघडून पाहिले की चित्र बदलते. ६३ गुणांची ती आघाडी मुख्यतः तीन सामन्यांतून आली. फोर्डहॅम हा खालच्या विभागातील संघ ५२-७ असा हरला, बफेलो २८-३ असा, आणि त्या वर्षी स्वतः तीनच सामने जिंकलेला नॉर्थवेस्टर्न ५६-७ असा. हे तीन सामने बाजूला काढले तर उरलेल्या नऊ सामन्यांत संघ ५६ गुणांनी मागे पडतो. शिवाय नशिबाचा युक्तिवाद एका हंगामासाठी चालतो, चारांसाठी नाही. अल्बर्ट्स यांनी निर्णय घेतला त्या दिवशी आठ गुणांच्या आतील सामन्यांत फ्रॉस्ट यांची कारकिर्दीतील नोंद पाच विजय आणि १८ पराभव अशी होती. असा प्रत्येक सामना निव्वळ नाणेफेक मानला तर २३ पैकी पाच किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता १९० मध्ये एक एवढीच येते. काही प्रतिस्पर्धी खरोखर वरचढ होते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मान्य. तरी दुर्दैव हे स्पष्टीकरण तोकडे पडते, एवढे त्यातून दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पराभवांची तऱ्हा ठरून गेली होती. २०२१ च्या सलामीलाच इलिनॉयविरुद्ध मध्यंतरापूर्वी क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्ध्याने तो थेट टचडाउनपर्यंत नेला. त्याच सामन्यात पंट, म्हणजे हातातून सोडून दूर लाथाडलेला चेंडू, झेलताना झालेल्या गोंधळातून प्रतिस्पर्ध्याला 'सेफ्टी'चे, म्हणजे संघ आपल्याच टोकाच्या पट्ट्यात अडकल्याचे, दोन गुण फुकट मिळाले. मिशिगन स्टेटविरुद्ध पंट एका बाजूला गेला, त्यावर धावणारे खेळाडू दुसऱ्या बाजूला, आणि त्यावर ६२ यार्डांचे टचडाउन झाले. आयोवाविरुद्ध हातात असलेला सामना अडवलेल्या पंटने फिरवला. पंट, किक आणि त्यांचे परतीचे खेळ, म्हणजे ज्याला 'स्पेशल टीम्स' म्हणतात तो भाग, सर्वस्वी सराव आणि शिस्तीवर चालतो. येथे प्रतिभेची उणीव हे कारण पुढे करता येत नाही, आणि त्या वर्षी फ्रॉस्ट यांच्याकडे केवळ या भागासाठी नेमलेला पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षक नव्हता. हा मुद्दा विरोधकांनी नेमका हेरला होता, आणि वादातील सर्वांत भक्कम युक्तिवाद मला तोच वाटतो.

समर्थकांपैकी अनेकांनी मात्र दोष क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ यांच्यावर टाकला. त्याचे पुढे काय झाले, हे येथेच सांगून टाकतो. मार्टिनेझ २०२२ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेले. १७ सप्टेंबरला ओक्लाहोमाने नेब्रास्काला ४९-१४ असे चिरडले. पुढच्याच आठवड्यात त्याच ओक्लाहोमाला कॅन्सस स्टेटने त्यांच्याच मैदानावर ४१-३४ असे हरवले आणि मार्टिनेझ यांनी त्या सामन्यात धावून चार व फेकून एक, असे पाच टचडाउन केले.

अर्धा निर्णय

अल्बर्ट्स यांच्यापुढील पेच खरा होता. ते स्वतः नेब्रास्काचे नावाजलेले माजी खेळाडू होते, संचालकपदी येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते, आणि हंगामाअखेरीस फ्रॉस्ट यांना काढले असते तर सुमारे २ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली असती. समोर एक ताजे उदाहरणही होते. मिशिगनने २०२० मधील दोन विजय आणि चार पराभवांनंतर जिम हार्बॉ यांचा पगार जवळजवळ निम्मा करून त्यांना कायम ठेवले होते, आणि नेब्रास्कात हा निर्णय होत असताना मिशिगन उत्तम खेळत होते. पुढे त्यांनी त्याच वर्षी बिग टेन परिषदेचे, म्हणजे नेब्रास्काही ज्यात खेळतो त्या विद्यापीठांच्या गटाचे, आणि २०२३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. चाहत्यांच्या चर्चेत हार्बॉ यांचे नाव सतत येई. आयोवाच्या कर्क फेरेंट्झ यांचेही येई, कारण त्यांचे पहिले दोन हंगाम एक आणि तीन विजयांचे होते.

दोन्ही तुलना घसरतात त्या एकाच ठिकाणी. हार्बॉ यांनी २०२० पूर्वीच्या पाचपैकी तीन हंगामांत मिशिगनमध्येच दहा-दहा सामने जिंकले होते. फेरेंट्झ यांचे विजय एक, तीन, सात, अकरा असे चढत गेले. फ्रॉस्ट यांची चार वर्षे म्हणजे चार, पाच, तीन, तीन. संयम ठेवायचा तर कशाच्या आधारावर, याचे उत्तर या रांगेत नव्हते. ते सेंट्रल फ्लोरिडात आणि १९९७ मध्ये शोधले जात होते.

निर्णयाच्या रचनेतही दोष होता. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला पूर्ण अधिकार द्यावेत, नसेल तर त्याला मोकळे करावे. येथे पगार कापला, चार साहाय्यक हंगामाचे दोन सामने शिल्लक असताना काढले, चाली ठरवण्याचे काम पिट्सबर्गहून आणलेल्या मार्क व्हिपल यांच्याकडे गेले, आणि तरी परिणामांची जबाबदारी फ्रॉस्ट यांचीच राहिली. ज्या कौशल्यासाठी त्यांना आणले होते, तेच त्यांच्या हातून काढून घेतले गेले. स्पेशल टीम्ससाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमला, ही त्यातील एकमेव निर्विवाद सुधारणा.

तीन सामने

२७ ऑगस्ट २०२२ रोजी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध नेब्रास्का तिसऱ्या सत्रात २८-१७ असा पुढे होता. अकरा गुणांची आघाडी आणि लय हाती असताना फ्रॉस्ट यांनी अचानक ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम आखूड मारलेली किक, मारायला लावली. चेंडू नॉर्थवेस्टर्नने पटकावला, त्यातून टचडाउन केले आणि सामना ३१-२८ असा घेतला. निर्णय आपलाच होता, असे फ्रॉस्ट यांनी सामन्यानंतर कबूल केले. नॉर्थवेस्टर्नने त्या हंगामात नंतर एकही सामना जिंकला नाही. पुढे नॉर्थ डकोटाला ३८-१७ असे हरवून १० सप्टेंबरला नेब्रास्का घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा हरला, आणि पाहुण्यांनी चेंडू पुढे नेत एकूण ६४२ यार्ड कमावले. मेमोरियल स्टेडियमवर ३५ किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का त्यापूर्वीचे सर्वच्या सर्व २१४ सामने जिंकला होता. जॉर्जिया सदर्नचे प्रशिक्षक होते क्ले हेल्टन, ज्यांना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने जवळजवळ एक वर्षापूर्वी, हंगामाचे दोनच सामने झालेले असताना काढले होते.

दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट गेले. एकूण नोंद १६ विजय, ३१ पराभव. आठ गुणांच्या आतील सामन्यांत पाच विजय, २२ पराभव.

यानंतर चाहत्यांचा वाद वेगळ्याच मुद्द्यावर पेटला. सुधारित करारानुसार १ ऑक्टोबरला भरपाईची रक्कम १.५ कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. वीस दिवस थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते, आणि त्या वीस दिवसांत ओक्लाहोमाविरुद्धचा एकच सामना होता. हिशेबी चाहत्यांना हा उधळेपणा वाटला. दुसरी बाजू अशी की, ज्या प्रशिक्षकाला तारीख उलटताच काढायचे हे राज्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, त्याच्या हाताखाली खेळाडूंना मैदानात उतरवणे म्हणजे त्यांचा एक सामना पैशांसाठी सोडून देणे. मला दुसरी बाजू पटते, पण ७५ लाखांचा आकडा त्यामुळे लहान होत नाही. तो सप्टेंबरमधील निर्णयाच्या खात्यावर मात्र लिहू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे २ कोटी डॉलर वाचवण्यासाठी फ्रॉस्ट यांना ठेवले गेले, आणि अखेरीस १.५ कोटींची भरपाई द्यावी लागली. त्यात मधल्या काळात दिलेला पगार मिळवला तर बचत फारशी उरत नाही, आणि एक हंगाम गेला तो गेलाच.

हंगामाचा उर्वरित भाग मिकी जोसेफ यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळला. नेब्रास्काच्या कोणत्याही खेळातील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. नऊपैकी तीन सामने त्यांनी जिंकले. नोव्हेंबरअखेर मॅट रूल यांची आठ वर्षांसाठी, ७.४ कोटी डॉलरच्या करारावर नियुक्ती झाली.

रूल यांच्या काळातील तोच आकडा

येथवरच्या विवेचनाला अडचणीत आणणारी एक गोष्ट रूल यांच्या काळात घडली, आणि ती टाळता येणार नाही. २०२३ मध्ये पाच विजय आणि तीन पराभवांवर असलेला संघ शेवटचे चारही सामने अनुक्रमे तीन, तीन, सात आणि तीन गुणांनी हरला आणि बाउल सामना पुन्हा हुकला. पहिल्या दोन हंगामांत मिळून रूल यांच्या संघाने आठ गुणांच्या आतील तेरा सामने खेळले. त्यातले तीन जिंकले, दहा हरले. हे प्रमाण फ्रॉस्ट यांच्या प्रमाणाहून नावापुरतेच बरे आहे. मग दोष फ्रॉस्ट यांचा होता, की संघाच्या अंगवळणी पडलेला? पूर्वीचे समर्थक हा प्रश्न आता विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

माझे उत्तर अर्धवटच आहे. निसटते पराभव हे फ्रॉस्ट यांना काढण्याचे एकमेव कारण मानले असेल, तर ते कारण कच्चे होते. पण चार वर्षांत एकदाही बाउल सामन्यासाठी सहसा लागणारे सहा विजय नाहीत आणि वाटचाल उताराची, ही बाब त्याहून वेगळी आणि अधिक जड होती. रूल यांच्या दुसऱ्या वर्षी विजय पाचांवरून सातांवर गेले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील पिनस्ट्राइप बाउलमध्ये बोस्टन कॉलेजला २०-१५ असे हरवून संघाने आठ वर्षांनी बाउल सामना खेळला आणि जिंकला. त्याच महिन्यात फ्रॉस्ट सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. अल्बर्ट्स त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, टेक्सस ए अँड एम विद्यापीठात गेले होते. त्या विद्यापीठाने काही महिन्यांपूर्वीच आपले प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक भरपाई कबूल करून काढले होते.